‘फॉरमॅट’ला हात लावू नकोस, बयो

काशीद, ता. मुरुड, जि. रायगड
नवरात्राची तिसरी माळ

चि. बयो हिस,


परवा रात्री तुझा फोन आला तेव्हा मी सुरूच्या बनाजवळच्या वळणावर उभा होतो. रेंज तिथेच मिळते हे तुला ठाऊक आहे. तू म्हणालीस, “आजोबा, हार्डडिस्क लावली, पण कम्प्युटर ओळखतच नाही. फॉरमॅट करायची का विचारतोय, करू का?” मी “नको” म्हणतोय तोवर मुरुडकडे जाणारी एक ट्रॅव्हल्स हॉर्न वाजवत अंगावरून गेली आणि रेंजही तिच्यासोबत गेली. माझं ‘नको’ तुझ्यापर्यंत पोचलं की नाही या काळजीत रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी आजीच्या मेसेजवर तुझा अंगठा आला, तेव्हा कुठे चहा घशाखाली उतरला.

पुढचं फोनवर न सांगता कागदावर लिहितोय, त्याला कारण आहे. फोनवर तू अर्धं ऐकतेस आणि उरलेल्या अर्ध्यात बटण दाबतेस. पत्र पोचायला तीन दिवस लागतील. तेवढे तीन दिवस ती डिस्क बंद पडून राहील, हाच निम्मा इलाज.

मी कम्प्युटरचा माणूस नव्हे. टेलिफोन खात्यात लाइनमन होतो, साळावच्या पुलापासून मुरुडपर्यंत खांब चढलो. पण फॉल्ट शोधायचा म्हणजे काय, ते त्या नोकरीने शिकवलं. ‘फोन डेड आहे’ अशी तक्रार आली की नवा लाइनमन थेट गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन फोनचा डबा उघडून बसायचा. जुना लाइनमन आधी विचारायचा, आवाज मुळीच नाही की खरखर आहे? दिवसभर नाही की पावसातच नाही? मग मधल्या एखाद्या खांबावर चढून डीपीत, म्हणजे तारा जोडायच्या डब्यात, आपला टेस्ट फोन लावायचा. तिथे टोन मिळाला तर दुखणं घराकडच्या बाजूला, नाही मिळाला तर एक्स्चेंजकडच्या. एका खांबावर चढलं की निम्मी लाइन निर्दोष सुटते. तुझ्या डिस्कचंही मला असंच निम्मं निम्मं करायचंय.

आता तुझी तक्रार नीट पाहू. तू एका दमात दोन गोष्टी सांगितल्यास आणि त्या दोन्ही एक आहेत असं धरून चाललीस. एक म्हणजे कम्प्युटर डिस्क ओळखत नाही. दुसरी म्हणजे तो फॉरमॅट करायची का विचारतो. अगं, जो ओळखत नाही तो विचारेल कसा? विचारतोय म्हणजे दाराशी कुणीतरी आलंय हे त्याला कळलंय, फक्त कोण ते कळत नाही. आणि आजीला तू मेसेजमध्ये लिहिलंस की कधी ‘टुंग’ वाजतं, कधी काहीच होत नाही, एकदा तर दोन मिनिटं फोल्डरसुद्धा दिसले. बयो, हे वाचून मला हायसं वाटलं. कायमचा मेलेला फोन आणि मध्येच खरखरणारा फोन यात खरखरणारा बरा. येऊन-जाऊन असलेला फॉल्ट आमच्याकडे दहात आठ वेळा जॉइंटमध्ये किंवा करंटमध्ये सापडायचा.

म्हणून आधी करंट.

तुझी डिस्क तळहातावर मावणारी, अडीच इंची. तिला वेगळा अडाप्टर नाही, तिचं जेवणखाण सगळं त्या यूएसबीच्या वायरीतूनच. जुन्या यूएसबी 2.0 पोर्टने नियमाप्रमाणे 500 मिलिअँपिअर द्यायचे, 3.0 ने 900. चालू झाल्यावर एवढ्यात तिचं भागतं, पण थांबलेल्या तबकड्या फिरायला लागतात त्या पहिल्या एक-दोन क्षणांत तिला जास्त लागतो. वाडीतला पंप सुरू होताना माजघरातला दिवा कसा डोळे मिटतो, तसंच. त्या क्षणी करंट कमी पडला की डिस्क अर्धवट जागी होते, पुन्हा बसते, पुन्हा उठायला बघते. कम्प्युटरला वाटतं कुणीतरी आलं, गेलं, आलं. बोलणं अर्धंच ऐकू आल्यावर तो गोंधळतो आणि तो खुळा प्रश्न विचारतो.

तू डिस्क कुठे लावलीस? पैजेवर सांगतो, कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला, कारण तिथे हात पोचतो. पुढचे पोर्ट हे आतून एका लांब बारीक वायरीने मदरबोर्डला जोडलेले असतात. असेंबल केलेल्या मशीनमध्ये ती वायर कशी बसवली असेल, देव जाणे. तुमच्या कॉट बेसिसवरच्या खोलीतलं ते मशीन तर तिसऱ्या मालकाचं. तेव्हा पहिलं काम, टेबल ओढ, कॅबिनेट वळव आणि मागच्या बाजूला लाव. तिथले पोर्ट थेट मदरबोर्डवर असतात. निळ्या जिभेचं दिसलं तर बहुधा ते 3.0, त्यात लाव. मध्ये चार तोंडांचा तो हब अजिबात नको. एका पोर्टचा करंट चौघांत वाटून खाणारी ती वस्तू, तिला डिस्क पोसवायची नाही. त्याच पोर्टात आधी एखादा पेनड्राइव्ह लावून बघ. तो चालला तर पोर्ट जिवंत आहे, एवढं तरी कळलं.

डिस्क लावल्यावर लगेच पडद्याकडे बघू नकोस. दिवा बंद करून, मैत्रिणींना गप्प करून, दोन बोटं तिच्या पाठीवर ठेव. आत काही फिरतंय का? मांजर गुरगुरतं त्याच्या चौथ्या हिश्शाइतकी थरथर बोटांना लागली पाहिजे. लागली तर जीव आहे. काहीच नाही तर बहुधा करंट पोचत नाही. आणि टक्… टक्… टक्… असा ठरावीक आवाज आला, जसं पालीने चुकचुकावं, तर तत्क्षणी वायर काढ आणि पुढचं पत्र वाचूसुद्धा नकोस, डिस्क रुमालात गुंडाळून ठेव. त्याबद्दल पुढे लिहितो. (आजीने मागून वाचून विचारलं, “पुढचं पत्र वाचू नकोस आणि त्याबद्दल पुढे लिहितो, हे कसं जमायचं?” असो.)

आता वायर. तुझ्या डिस्कच्या बाजूचं तोंड रुंद आणि चपटं आहे, मध्ये खाच असलेलं, दोन खोल्यांच्या घरासारखं. कुणी काढली ही रचना कोण जाणे, पण इतकं नाजूक तोंड मी खात्यात कधी पाहिलं नाही. जरा डिस्क हलली की सैल होतं. गणपतीत तू ती इथून नेलीस तेव्हा वायर डिस्कलाच लावून, भोवती गुंडाळून, वर रबरबँड चढवून नेलीस. मी बघितलं होतं आणि बोललो नाही. गुंडाळलेल्या वायरीची मान नेमकी तोंडापाशी मोडते. साधी 2.0 ची वायर आतून चार तारांची असते, दोन करंटच्या आणि दोन बोलण्याच्या. करंटच्या दोन शाबूत आणि बोलण्याची एक तुटकी असेल तर डिस्कचा दिवा लागतो, ती फिरते, आणि तरी कम्प्युटरला काही ऐकू येत नाही. अशा वेळी माणूस शपथेवर सांगतो की वायर चांगली आहे, दिवा लागलाय की! आमच्या टेलिफोनला दोनच तारा होत्या. करंट त्यावरच, बोलणंही त्यावरच. एक्स्चेंजच्या बॅटरीचे 48 व्होल्ट, म्हणून गावातली लाइट गेली तरी फोन वाजायचा. यूएसबीवाल्यांनी करंट आणि बोलणं वेगळं काढलं, त्यामुळे अर्धी मेलेली वायर जिवंत दिसते.

आणि एक खास आपल्या काशीदचं दुखणं. तू पुण्यात राहतेस, तुला हे आठवत नसेल. इथे समुद्रापासून हाकेच्या अंतरावर जे जे तांब्या-पितळेचं आहे ते हिरवं पडतं. खांबावरचा डीपी उघडला की आतले स्क्रू हिरवेगार दिसायचे. खारी हवा त्या धातूवर बसते, पावसाळ्यात ओल धरते आणि धातू खाऊ लागते. ही डिस्क इथल्या कपाटात सात पावसाळे राहिली आहे. तेव्हा भिंग घे (नसेल तर मोबाइलचा कॅमेरा मोठा करून बघ) आणि डिस्कच्या तोंडात टॉर्च मार. आत बारीक सोनेरी पट्ट्यांची रांग दिसेल. त्यातली एखादी काळी, हिरवट, नाहीतर वाकडी दिसते का? माझ्या स्वतःच्या प्रिंटरच्या तोंडात मागे एक सुकलेली लाल मुंगी निघाली होती, मधल्या दोन पट्ट्यांवर बरोबर आडवी. तिला टाचणीने काढायला जाऊ नकोस. कोरड्या मऊ ब्रशने झाड, आणि मेडिकलमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं त्याचा एक थेंब ब्रशला लावून पुसून घे. अर्धा तास वाळू दे. फुंकर घालू नकोस. फुंकरीत थुंकी असते.

हे सगळं करूनही जैसे थे असेल तर खांबावर चढायची वेळ आली. डिस्क आणि वायर तीच ठेवून दुसऱ्या कम्प्युटरला लाव. मैत्रिणीचा लॅपटॉप चालेल. तिथे दिसली तर डिस्क सुटली, दोष तुझ्या मशीनचा. तिथेही नाही, तर फक्त वायर बदलून बघ. एका वेळी एकच गोष्ट बदल. आमचा एक नवा पोरगा वायर, भिंतीवरचं रोझेट आणि फोन तिन्ही एकदम बदलून यायचा. फोन चालू व्हायचा, पण नेमकं काय बिघडलं होतं ते त्याला कधी कळलं नाही, आणि आठवड्याने पुन्हा तीच तक्रार.

समज, दोष तुझ्या मशीनचाच निघाला. विंडोजची कळ दाबून एक्स दाब, यादी उघडेल, तीत डिव्हाइस मॅनेजर आणि डिस्क मॅनेजमेंट अशी दोन नावं आहेत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये तुझ्या डिस्कच्या नावापुढे पिवळं चिन्ह असेल तर ते नाव तिथून अनइन्स्टॉल कर, डिस्क काढ, मशीन बंद-चालू कर, पुन्हा लाव. यात डिस्कमधलं काही जात नाही, फक्त कम्प्युटरच्या डोक्यातली जुनी ओळख पुसली जाते आणि तो नव्याने ओळख करून घेतो. मशीन चालू करताना मात्र डिस्क लावलेली ठेवू नकोस. काही मशीनं विंडोज त्या बाहेरच्या डिस्कमध्येच शोधत बसतात आणि कंपनीच्या चिन्हावर अडकून पडतात. मग माणसाला वाटतं मशीनही गेलं.

डिस्क मॅनेजमेंट ही जास्त महत्त्वाची जागा, आणि धोक्याचीही तीच. तिथे फक्त बघायला जायचं, देवळातल्या गाभाऱ्यासारखं. आत काही हलवायचं नाही. उघडल्या उघडल्या तोंडावर एक चौकट येऊ शकते, ‘इनिशिअलाइझ’ करायची का म्हणून, आणि ओकेचं बटण आयतं निळं करून ठेवलेलं असतं. कॅन्सल कर. मग खालच्या पट्ट्यांत आपली डिस्क शोध. आकड्यावरून ओळखू येईल. खोक्यावर 1 टीबी लिहिलंय, म्हणजे एक लाख कोटी बाइट, पण विंडोज तिला 931 जीबी म्हणेल. कुणी चोरी केलेली नाही. कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज 1024 ने, शेर आणि किलोतला फरक. 931 दिसले तर फार चांगलं. आकडाच नसेल किंवा भलताच असेल तर डिस्कच्या आतल्या बोर्डाचं किंवा डोक्याचं काहीतरी आहे, आपल्या हातचं काम संपलं.

931 दिसतात, खाली ‘हेल्दी’ लिहिलंय, पण पुढे इंग्रजी अक्षर नाही, असं असेल तर हसतच सुट. विंडोज प्रत्येक डिस्कला एक अक्षर देतो. ए आणि बी पूर्वी फ्लॉपीसाठी राखून ठेवलेले, सी आतल्या मुख्य डिस्कचा, पुढे डी, ई, एफ. कधीकधी अक्षर द्यायचंच राहतं, कधी कार्ड रीडरने नाहीतर ऑफिसच्या नेटवर्कने ते आधीच पटकावलेलं असतं. वर्गात दोन मुलींचा एकच हजेरी क्रमांक, मग एकीचीच हजेरी लागते. त्या पट्टीवर उजवं बटण, ‘चेंज ड्राइव्ह लेटर’, आणि एखादं लांबचं अक्षर दे, पी म्हण, क्यू म्हण. डिस्क उघडेल. या एका कारणापायी किती लोकांनी चांगल्या डिस्का भंगारात टाकल्या असतील!

पट्टीवर ‘रॉ’ लिहिलेलं दिसलं तर मात्र थांब. तुझा तो फॉरमॅटचा प्रश्न इथूनच येतो. रॉ म्हणजे डिस्क आहे, तीवर काहीतरी लिहिलंय, पण विंडोजला ती भाषा लागत नाही. कोर्लई तुला आठवते का? रेवदंड्याच्या खाडीपलीकडचा तो किल्ला. 1740 मध्ये पोर्तुगीजांनी तो मराठ्यांच्या हवाली केला आणि ते निघून गेले, पण किल्ल्याखालच्या गावातली ख्रिस्ती मंडळी आजही घरात पोर्तुगीज आणि मराठी मिळून झालेली स्वतःची बोली बोलतात. इथून एसटीने तासाभराच्या आतलं गाव. मी तिथे फोन दुरुस्तीला जायचो. बायका दारात माझ्याबद्दलच काहीतरी बोलून हसायच्या, आणि मला ओ की ठो कळायचं नाही. मला कळत नाही म्हणून ती भाषाच नाही असं म्हटलं असतं तर लोकांनी मला वेड्यात काढलं असतं. विंडोज नेमकं तेच करतो. मॅकची डिस्क लावली की त्याला ती वाचता येत नाही, लिनक्सची लावली की तेच, आणि स्वतःच्याच भाषेतली पहिली काही पानं खराब झाली तरी तेच. मग शहाणपणा करून म्हणतो, हे सगळं पुसू का, म्हणजे मी माझ्या भाषेत नवं लिहीन. आमचं घर न ओळखता आलेल्या पाहुण्याने, “पाडू का? नवं बांधून देतो,” असं विचारावं, तसला हा प्रश्न.

हे मी स्वतः भोगलंय म्हणून इतक्या कळकळीने लिहितो. तुझ्या आत्याच्या लग्नाचे फोटो एका जुन्या डिस्कवर होते. असाच प्रश्न आला, मला वाटलं फॉरमॅट म्हणजे दुरुस्ती. ‘हो’ म्हटलं. नशिबाने ते ‘क्विक’ होतं. क्विक फॉरमॅटमध्ये पुस्तकाची फक्त अनुक्रमणिका फाडली जाते, पानं जागच्या जागी राहतात. पूर्ण फॉरमॅट केलं असतं तर विंडोजने प्रत्येक पानावर शून्य लिहिलं असतं आणि कायमचं गेलं असतं. पुढे फोटोरेक नावाच्या फुकटच्या प्रोग्रॅमने ते फोटो उपसून काढले. पण नावं नाहीत, तारखा नाहीत, क्रम नाही. हळदीच्या मध्ये बारसं आणि वरातीच्या मध्ये कुणाच्या तरी म्हशी. आजी अजून तो अल्बम लावते आहे.

आता मघाशी रुमालात गुंडाळून ठेवलेल्या टक्-टक्-चं. आत तबकड्या असतात, आरशासारख्या, मिनिटाला 5400 फेरे घेणाऱ्या. त्यांच्यावर एक बारीक डोकं तरंगत असतं, टेकत नाही. मधलं अंतर काही नॅनोमीटरचं. तुझ्या केसाची जाडी त्याच्या हजारो पट. 1956 साली आयबीएमने पहिली डिस्क काढली तेव्हा दोन-दोन फुटांच्या पन्नास तबकड्या एकावर एक रचल्या होत्या आणि त्या अख्ख्या कपाटात जेमतेम 5 एमबी मावायचे, तुझ्या मोबाइलमधला एक फोटो. तेच आता खिशात आलंय, म्हणून तितकंच नाजूक. डोकं जागेवर बसत नसलं की ते पुन्हा पुन्हा परत येऊन सुरुवात करतं, तो टक्. प्रत्येक टक् बरोबर तबकडी खरवडली जाण्याची भीती. अशा डिस्कला चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करायची सोय) लावू नये, रात्रभर ‘बघू होते का’ म्हणून चालू ठेवू नये, फ्रीजमध्ये तर मुळीच ठेवू नये. तो उपाय कुणीतरी तुला सांगेलच. आपल्या हवेत फ्रीजमधून काढलेल्या वस्तूला घाम फुटतो, पाण्याचा ग्लास आठव. आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन “ओपन करून बघतो” म्हणणाऱ्या दुकानदाराच्या हातात देऊ नये. मागे एका शहरात अशाच एका दुकानात मी माझी डिस्क पंख्याखाली उघडी पडलेली पाहिली आहे. ती उघडायची तर धूळ गाळलेल्या खोलीत, त्याच कामाच्या लोकांनी. पुण्या-मुंबईत अशा जागा आहेत. पैसे भरपूर घेतात, पण आधी तपासून काय निघेल ते सांगतात. तो खर्च मी करीन, तू विचारू नकोस.

कारण त्यात काय आहे ते तुला पुरतं माहीत नाही.

तुझ्या पणजीच्या ओव्या आहेत. 1996 च्या उन्हाळ्यात मी टेपरेकॉर्डर पडवीत जात्याशेजारी ठेवला होता. तिला सांगितलं नाही, सांगितलं असतं तर गायली नसती. ती नाचणी वैरत होती. पहिली दहा मिनिटं नुसती घरघर आहे, मग खुंट्यावरचा हात बदलताना बांगड्या वाजतात आणि ती एकदम मधूनच सुरू होते, माहेरच्या वाटेवर. तीन कॅसेटी झाल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्याहून खेडोपाडी माणसं पाठवून अशा लाखाच्या वर ओव्या जमवल्या, ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या 2017 पासून येताहेत, तू ऐकल्या असशील. त्यात आपल्या म्हातारीच्या नाहीत. आमच्या तीन कॅसेटी मी 2012 साली कम्प्युटरवर उतरवून घेतल्या. मूळ कॅसेटी पेटीत होत्या. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने आत आलं, आपली कौलं उडाली, सुपारीची वाडी आडवी झाली, किनाऱ्यावरच्या सुरूंची लाकडं रस्ताभर. लाइट यायला आठवडे गेले. पेटी उघडायचं सुचलं तोवर कॅसेटींच्या फितीला बुरशी लागली होती. म्हणजे आता त्या ओव्या जगात एका ठिकाणी आहेत, तुझ्या टेबलावर. दुसरी प्रत केली नाही ही चूक माझी. तुला डिस्क देताना मी हे सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तू नेली नसतीस, म्हणून बोललो नाही.

तेव्हा डिस्क उघडली, निदान दोन मिनिटं उघडली, की काय करायचं ते आत्ताच ठरवून ठेव. बाकीचं काही बघायचं नाही. ‘पडवी’ नावाचा फोल्डर आहे, तो आधी मशीनमध्ये उतरवून घे. मग फोटो. दुरुस्ती, चेकडिस्क, जे काही करायचं ते सगळं उतरवून झाल्यावर. घराला आग लागली की आधी माणसं बाहेर काढतात, मग वायरिंग तपासतात.

आणि ‘टिपणं’ नावाच्या फोल्डरमधल्या फाइली उघडल्यावर तुला भलतंच काहीतरी दिसेल, इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, उलटे स्वल्पविराम, कुणी कळफलकावर कोंबडी सोडल्यासारखं. खराब झाल्या म्हणून डिलीट करशील! त्या धडधाकट आहेत. त्या वेळी आम्ही मराठी युनिकोडमध्ये टाइप करत नव्हतो. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे योगेश आणि सुरेख असे फॉन्ट होते. त्यात इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं. फॉन्ट मशीनमध्ये असेल तोवर मराठी, नसला की कोंबडी. तो फॉन्ट टाकला की वाचता येईल, आणि युनिकोडमध्ये बदलून देणारे प्रोग्रॅमही आहेत. गंमत बघ, डिस्क सापडली, भाषाही लागली, तरी लिपीपाशी येऊन गाडं अडू शकतं. म्हणींची टिपणं आहेत, खांबावरच्या दिवसांतली. वाचलीस तर वाच, घाई नाही.

जाता जाता एक. वायर उपसून काढायच्या आधी खालच्या कोपऱ्यातल्या चिन्हावरून डिस्क ‘इजेक्ट’ करत जा. कम्प्युटर लिहायचं काही हातात धरून ठेवतो, सवडीने लिहितो. मध्येच ओढलीस तर शेवटची ओळ अर्धी राहते, आणि कधीकधी ती अर्धी ओळ नेमकी अनुक्रमणिकेची असते. गणपतीत निघताना तू एसटी चुकेल म्हणून कशी ओढलीस तेही मी पाहिलं होतं.

आजीचा उपास आहे, साबुदाण्याची खिचडी झाल्याच्या हाका येताहेत. परतीचा पाऊस अजून गेलेला नाही. काल रात्री फणसाडच्या डोंगरावर वीज कडाडत होती, तेव्हा मी टीव्हीचा प्लगच काढून ठेवला.

तुझा,
आजोबा

ता. क. — सोबतच्या पाकिटात वायर आहे, वीतभर लांबीची, जाड, माझ्याकडच्या दुसऱ्या डिस्कची. काल तीन वेळा लावून तपासली, चांगली आहे. आधी मागचा पोर्ट आणि तुझीच वायर, मग मागचा पोर्ट आणि ही वायर, या क्रमानेच. गुरुवारी रात्री आठ ते साडेआठ मी वळणावर उभा असेन. टक् आवाज आला की नाही, एवढंच आधी सांग.